झाकण

रात्रीची जेवणं उरकली, ओटा पुसून झाला की माझं एकच काम उरलेलं असतं. संध्याकाळी तापवलेल्या म्हशीच्या दुधात करंगळी बुडवून बघायची. चटका बसता कामा नये आणि दूध गारही लागता कामा नये. मग कालच्या दह्यातलं थोडं विरजण पातेल्याच्या कडेनं सोडायचं, एकदाच ढवळायचं, वर झाकण ठेवायचं. थंडी असली तर भोवती जुनं सुती लुगडं गुंडाळायचं. कळंब्याच्या या घरात हे काम आधी आज्जीनं केलं, मग आईनं, आता मी करते. आज्जीचे शब्द अजून कानात आहेत : "विरजण बोटभरच घाल गं. जास्ती घातलंस तर दही आंबटढाण होतंय. झाकण ठेव, आणि सकाळपातूर त्याला हात लावू नको."

आज्जीच्या वेळी कळंबा म्हणजे शहराबाहेरचं गाव होतं. मधे उसाची रानं होती, पलीकडे कोल्हापूर. आता शहर गावात शिरलंय. तलाव मात्र जागेवर आहे. कात्यायनीच्या डोंगरातून येणारं पाणी अडवून संस्थानच्या काळात बांधलेला हा तलाव एके काळी कोल्हापूरला पाणी पाजत होता. मी रोज पहाटे त्याच्या काठानं फिरायला जाते आणि रात्री दही लावते. या दोन कामांच्या मधल्या वेळात तीस वर्षं मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. त्यामुळे झाकणाखाली रात्रभर काय चालतं याचं कुतूहल मला कधी स्वस्थ बसू देत नाही.

परवा शेजारची नवी सून वाटी घेऊन दारात आली. "काकू, जरा विरजण देता काय? आमच्या दह्याला तार सुटल्यागत झालंय." मी वाटी भरून दिली. ती गेल्यावर विचार करत बसले. आपण किती सहज देतो-घेतो हे विरजण! एका चमच्यात कोट्यवधी जीव असतात. ते दुधात पडतात आणि तासाभरात त्या अख्ख्या पातेल्यावर आपला हक्क सांगायला लागतात. दुधात दुसरे जीवही असतात : हवेतले, भांड्याला चिकटलेले, आपल्या बोटावरचे. तरी सकाळी लागतं ते दहीच. दूध नासत नाही.

याचं मुख्य कारण आंबटपणा. दह्याचे जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात आणि त्या आम्लात बाकीच्यांचा टिकाव लागत नाही. पण काहींच्या जवळ आणखी एक गोष्ट असते, विष. माणसाला त्याचा काही त्रास नाही; ते असतं शेजारच्या जिवाणूसाठी. 1933 मध्ये न्यूझीलंडमध्ये व्हाइटहेड या संशोधकाला चीजसाठी लावलेलं विरजण अडताना दिसलं. दुधातलेच काही जिवाणू असं काही सोडत होते की विरजणाचे जिवाणू वाढेनात. पुढे इंग्लंडमध्ये मॅटिक आणि हर्श यांनी या द्रव्याला 1947 साली निसिन हे नाव दिलं. ते तयार करणारा जिवाणू म्हणजे लॅक्टोकोकस लॅक्टिस. घरच्या दह्या-ताकात हमखास सापडणाऱ्या कुळातला, पण त्याच्या सगळ्याच वाणांना निसिन करता येतं असं नाही. निसिन म्हणजे चौतीस अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. ती दुसऱ्या जिवाणूच्या भिंतीचा कच्चा माल धरते आणि तिथेच भोक पाडते. आज चीजच्या पाकिटावर बारीक अक्षरांत 234 हा आकडा दिसला की समजावं, आत निसिन आहे.

मला विषापेक्षा त्याच्या वेळेचं नवल वाटतं. विरजण दुधात पडतं तेव्हा जिवाणू थोडे, दूध अफाट. त्या वेळी विष करत बसणं म्हणजे रानात एकट्यानं ओरडणं. म्हणून हा जिवाणू अगदी थोडंसं निसिन सोडतो आणि वाट बघतो. त्याच्या अंगावर निसिन ओळखणारं एक प्रथिन असतं. भोवती भाऊबंद वाढले की त्या सगळ्यांचं थोडं थोडं मिळून निसिन दाट होतं. ते त्या प्रथिनाला चिकटतं, आत निरोप जातो आणि मग निसिनचा कारखाना पूर्ण क्षमतेनं सुरू होतो. त्याबरोबरच स्वतःच्याच विषापासून बचाव करणारी प्रथिनंही वाढतात. नव्वदच्या दशकात हॉलंडमधल्या संशोधकांनी निसिनच्या जनुकातली नेमकी चार अक्षरं खोडून बघितली. कारखाना साफ बंद पडला. मग त्यांनी बाहेरून तयार निसिन टाकलं, आणि ते बंद जनुक पुन्हा बोलू लागलं. म्हणजे विष हीच हाक होती. "आपण किती जण आहोत?" हा प्रश्न आणि त्याचं उत्तर एकाच रेणूत.

हे वाचलं तेव्हा मला आज्जीचं 'बोटभर' आठवलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. पण थोड्यानं सुरुवात करायची आणि वाढायला वेळ द्यायचा, हे तिच्या हाताला ठाऊक होतं.

विष केव्हा बाहेर येतं, या प्रश्नानं मला खऱ्या अर्थानं पकडलं ते मात्र दह्यातून नव्हे. ते घडलं प्रयोगशाळेत, एका विद्यार्थिनीमुळे.

वर्गात मी कोलिसिन शिकवत होते. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचे काही वाण आपल्याच जातीच्या दुसऱ्या वाणांना मारतात, हे बेल्जियमच्या आंद्रे ग्राशिया यांनी 1925 मध्ये दाखवलं. त्या मारक प्रथिनांना पुढे कोलिसिन हे नाव मिळालं. मी वर्षानुवर्षं शिकवत आले होते, की जीवनकलह आहे, जिवाणू एकमेकांना मारतात, त्यातलं हे एक हत्यार. एवढं सांगून मी पुढच्या धड्याकडे वळायची.

त्या वर्षी आम्ही प्रयोग जरा वाढवला. कोलिसिन करणारे जिवाणू वाढवून त्यांचे दोन भाग केले. एक भाग तसाच ठेवला. दुसरा उघड्या बशीत पातळ ओतून काही सेकंद अतिनील दिव्याखाली धरला, मग नळीत भरला. साध्या उजेडात जिवाणू या किरणांनी झालेली जखम परत भरून काढतात, म्हणून त्या नळीला काळा कागद गुंडाळला. दोन्ही नळ्या सदतीस अंशांवर ठेवल्या. दोन-तीन तासांनी ती मुलगी रडवेली होऊन माझ्याकडे आली. "मॅडम, माझ्या हातून काहीतरी बिघडलं. नळी निवळली."

मी कागद सोडवून नळी उजेडासमोर धरली. शेजारची नळी चांगली गढूळ होती, जिवाणूंनी गच्च भरलेली. हिची नळी खरंच निवळली होती. पलीकडची खिडकी तिच्यातून दिसत होती. तिच्या हातून काहीच बिघडलं नव्हतं. आतले जिवाणू फुटले होते. दुसऱ्या दिवशी दोन्ही नळ्यांतल्या पाण्याचे थेंब आम्ही बळी पडणाऱ्या जिवाणूंनी भरलेल्या प्लेटवर टाकले. एकास दहा, एकास शंभर, एकास हजार असं पातळ करत करत. साध्या नळीचा थेंब दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच निकामी झाला. दिव्याखालच्या नळीचे थेंब त्याच्याही पुढे कितीतरी पायऱ्या स्वच्छ गोल वर्तुळं पाडत गेले. पिवळट साईसारख्या थरात ती वर्तुळं खिडकीच्या काचेसारखी दिसत होती. मुलगी हसली. मी मात्र गप्प झाले. इतकी वर्षं मी हत्याराबद्दल सांगत आले होते, पण ते कशानं उपसलं जातं हे वर्गाला कधी सांगितलंच नव्हतं. त्या रात्री घरी येऊन मी पुस्तकं उघडली.

जिवाणूच्या पेशीत लेक्सए नावाचं एक प्रथिन असतं. त्याचं काम काय, तर झाकण होऊन बसणं. चाळीसहून अधिक जनुकांच्या तोंडाशी ते बसलेलं असतं, त्यामुळे ती जनुकं वाचलीच जात नाहीत. कोलिसिनचं जनुक त्यांतलंच. त्याच्या तोंडाशी तर सहसा दोन झाकणं एकमेकांवर बसलेली असतात. सगळं नीट चालू आहे तोवर शंभरातले मोजकेच जिवाणू कोलिसिन करतात. बाकीच्यांकडे ते जनुक असतं, पण झाकलेलं.

मग अतिनील किरण पडतात, किंवा एखादं औषध येतं, किंवा शेजाऱ्याचं विष येतं, आणि डीएनएला जखम होते. धागा उघडा पडतो. त्या उघड्या धाग्यावर रेकए नावाचं प्रथिन ओळीनं चढतं. ही ओळ म्हणजे धोक्याची घंटा. तिला लेक्सए टेकलं की ते स्वतःलाच मधोमध कापून घेतं. कुणी बाहेरून झाकण काढत नाही. झाकण स्वतःच मोडतं. संशोधकांनी या सगळ्या प्रकाराला एसओएस हे नाव दिलंय, बुडत्या जहाजाच्या हाकेवरून.

यातली मला सगळ्यात भिडलेली गोष्ट म्हणजे क्रम. सगळी झाकणं एकदम उडत नाहीत. ज्या जनुकांवर लेक्सएची पकड सैल असते, ती आधी उघडतात, आणि ती असतात दुरुस्तीची. डीएनएचा बिघडलेला तुकडा कापून नवा बसवणारी. जखम त्यावर भरून आली, तर घंटा थांबते आणि गोष्ट तिथेच संपते. जखम भरत नाही, घंटा वाजतच राहते, तेव्हा कुठे घट्ट झाकणांची पाळी येते. कोलिसिन त्या शेवटच्यांतलं. आधी दुरुस्ती, मग शस्त्र. हा क्रम कुणी ठरवून लिहिलेला नाही, कोट्यवधी पिढ्यांनी तो घोटून घोटून पक्का केलाय. तो वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहिते आहे.

आणि त्या शस्त्राची किंमत काय? कोलिसिन पेशीबाहेर जायचं तर सहसा पेशीला फुटावं लागतं. त्यासाठी वेगळं जनुकच असतं. म्हणजे जो विष सोडतो तो स्वतः मरतो. ती निवळलेली नळी म्हणजे मेलेल्यांची नळी होती. बाहेर पडलेलं कोलिसिन कित्येकदा शेजाऱ्याच्या अंगावरच्या अशा दारातून आत शिरतं, जे त्यानं जीवनसत्त्व बी12 घेण्यासाठी उघडं ठेवलेलं असतं. पोटासाठी ठेवलेल्या दारातूनच मरण येतं. मरणाऱ्याचे भाऊबंद वाचतात, कारण त्या विषाला मिठी मारून निकामी करणारं प्रथिन त्यांच्याकडे आधीपासूनच असतं.

2020 मध्ये ऑक्सफर्डच्या एलिसा ग्रॅनाटो आणि केविन फॉस्टर यांनी हे मरण कुठे घडतं ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. दोन वाणांच्या वसाहती शेजारी शेजारी वाढू दिल्या. आतल्या बाजूचे जिवाणू शांत होते. जिथे हद्दीला हद्द भिडली तिथे मात्र शत्रूच्या विषानं जखमी झालेले बहुसंख्य जिवाणू फुटून आपलं विष ओतत होते. ते तसेही वाचणार नव्हते. मरता मरता त्यांनी मागच्यांसाठी जागा राखली. शेजाऱ्याच्या विषानं डीएनएला जखम होते, त्या जखमेनं घंटा वाजते, घंटेनं झाकण मोडतं आणि बाहेर पडतं पुन्हा विष. ही साखळी वाचताना मला आमच्याकडचे बांधावरचे तंटे आठवले. पण ती तुलना मी मनातच ठेवली. जिवाणूंना राग येत नाही. त्यांचा फक्त हिशेब असतो, आणि माझ्या मते तो आपल्यापेक्षा संयमाचा असतो.

विष करणारे असे जिवाणू मातीतही असतात. मृगाचा पहिला पाऊस तलावाकाठच्या तापलेल्या मातीवर पडतो तेव्हा जो वास येतो, तोही जिवाणूंचाच. स्ट्रेप्टोमायसिस नावाचे, बुरशीसारखे धागे पसरणारे हे जिवाणू. आपल्या औषधांच्या दुकानातली कितीतरी प्रतिजैविकं मूळची यांची. महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा राहिला. तिथल्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बुरशीवर मारा करणारं हॅमायसिन मिळालं. ते बनवणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिसच्या जातीचं नाव आहे पिंप्रिना. आपल्या एका गावाचं नाव अशा रीतीनं जिवाणूच्या नावात कायमचं जाऊन बसलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

या मातीतल्या जिवाणूची हाक वेगळी असते. त्याला विष करायला लावते ती भूक. अन्न संपलं की तो स्वतःच्या जुन्या धाग्यांना विरघळवून त्यावर बीजं उभी करतो. त्या विरघळलेल्या भिंतीतून एक खास साखर सुटते. इथेही एक झाकण असतं, डासआर नावाचं. साखरेपासून पेशीत तयार होणारा एक रेणू त्या झाकणाला चिकटला की ते सुटतं आणि प्रतिजैविक तयार व्हायला लागतं. घर मोडून बाळंतपण करायचं, आणि त्याच वेळी चोरांपासून राखणही करायची, अशी ही घडी. मौज म्हणजे भरल्या घरात हीच साखर मिळाली तर जिवाणू तिचा अर्थ सुबत्ता असा घेतो आणि विषाच्या वाटेला जात नाही. 2002 मध्ये या कुळातल्या एका जातीचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा अशी विशेष द्रव्यं बनवणारे वीसहून अधिक जनुकगट सापडले. तोवर प्रयोगशाळेत त्यांतली मोजकीच द्रव्यं दिसली होती. बाकीची झाकणं उघडायला कुठली हाक लागते, हे शोधणं हेच आज नव्या औषधांच्या शोधाचं एक मोठं काम झालंय.

म्हणूनच अर्धवट सोडलेल्या गोळ्यांचं पाकीट दिसलं की माझा जीव खालीवर होतो. आपण प्रतिजैविकाकडे नुसतं मारणारं औषध म्हणून बघतो. जिवाणूला मात्र त्याची न मारणारी, थोडकी मात्राही ऐकू येते. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं डीएनएवरच घाव घालतात, म्हणजे तीच घंटा वाजवतात. ई. कोलायचा एक घातक वाण आहे, ज्याचं विष माणसाच्या मूत्रपिंडावर उठतं. त्या विषाचं जनुकही याच झाकणाच्या व्यवस्थेला जोडलेलं आहे. म्हणून त्याच्या संसर्गात प्रतिजैविक देताना डॉक्टर कचरतात. औषधानं घंटा वाजली तर विष वाढायची भीती असते. आणि या घंटेबरोबर जी उशिराची जनुकं उघडतात, त्यांत डीएनएची घाईघाईनं, चुका करत नक्कल करणारीही असतात. त्या चुकांतून कधी कधी औषधाला दाद न देणारा जीव निघतो. आमच्याच नात्यातल्या एका मुलाला साध्या सर्दीसाठी एका दवाखान्यातून अशी गोळी दिली गेली होती, आणि दोन दिवसांत बरं वाटल्यावर ती सोडूनही दिली होती. मी त्याच्या आईला समजावलं, ती वैतागली. पण मी पुन्हा सांगेन. ज्याची गरज नाही ती हाक द्यायची नाही, आणि गरजेची हाक अर्धवट सोडायची नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. लेक्सए ज्या जनुकांवर झाकण घालून बसतं, त्यांतलं एक जनुक खुद्द लेक्सएचं आहे. म्हणजे जखम होऊन झाकणं मोडायला लागतात, त्याच क्षणी नवी झाकणं बनवायचा हुकूमही सुटतो. घंटा वाजतेय तोवर तीही मोडत राहतात. पण जे जिवाणू फुटले नाहीत, ज्यांची जखम भरून आली, त्यांच्यात घंटा थांबताच नवं लेक्सए तयार असतं. ते आपापल्या जागी जाऊन बसतं. झाकण पुन्हा लागतं, आणि जिवाणू पुन्हा खायला, वाढायला, दुभंगून दोन व्हायला लागतो. त्या प्रयोगानंतर मी हे शिकवायची तेव्हा 'झाकण पुन्हा लागतं' हे वाक्य फळ्यावर खडूनं दोनदा लिहायची आणि वर्गाकडे वळून थोडा वेळ काहीच बोलायची नाही.

शांतता म्हणजे काही न घडणं, असं मला पूर्वी वाटायचं. आता पहाटे तलावाच्या काठानं चालताना, बांधाला टेकलेलं स्थिर पाणी बघताना तसं वाटत नाही. पाणी शांत दिसतं, कारण बांध रात्रंदिवस ते पेलत असतो. जिवाणूतलं झाकणही रोज नव्यानं घडवावं लागतं, पेशी दुभंगली की दोन्ही वाट्यांना पुरवावं लागतं. विष सोडणं हा त्याच्या आयुष्यातला एक शेवटचा प्रसंग. ते झाकून ठेवणं हा मात्र त्याचा रोजचा कारभार, आणि दह्याच्या प्रत्येक पातेल्यात, मातीच्या प्रत्येक ढेकळाखाली असा काही ना काही कारभार चालूच असतो.

काल संध्याकाळी शेजारची सून वाटी परत द्यायला आली. रिकामी वाटी परत करायची नाही म्हणून तिनं त्यात गुळाचा खडा घातला होता. "काकू, दही मस्त लागलं बघा. आज मीच लावणार. विरजण किती घालू?"

मी तिचा हात धरून करंगळीचं पेर दाखवलं. म्हटलं, "एवढंच. आणि झाकण नीट ठेव. सकाळपातूर हात लावू नको."